'सिग्निफिकंट' : एका विशेषणाची झडती

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले होते. नववीतल्या दोन मुलींनी मेथीचे दोन वाफे करून एकात गांडूळखत घातले होते, दुसऱ्यात घातले नव्हते. रोपांची उंची ठरावीक दिवसांनी मोजून वहीत नीट नोंदली होती. मोजपट्टी कुठून धरायची याचाही त्यांनी विचार केला होता. तक्ता सुबक होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक इंग्रजी वाक्य होते: 'द डिफरन्स वॉज सिग्निफिकंट.'

"सिग्निफिकंट म्हणजे काय गं?" मी विचारले.

"महत्त्वाचा, मॅडम."

"महत्त्वाचा आहे हे कसं ठरवलंत?"

दोघींनी शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिले. सर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "मॅडम, शोधनिबंधांत असंच लिहितात. म्हणून मीच सांगितलं त्यांना लिहायला."

सरांचे उत्तर खरे होते. शोधनिबंधांत असेच लिहितात. मीही लिहिले आहे आणि त्यात एकदा चांगलीच चूक केली आहे. ती पुढे सांगणारच आहे. इंग्रजी शोधनिबंधांच्या व्याकरणावर आपल्याकडे पुष्कळ लक्ष दिले जाते. 'डेटा' हा शब्द एकवचनी की अनेकवचनी, यावर परीक्षक लाल शाई खर्च करतात. पण 'सिग्निफिकंट' हा शब्द मात्र तपासणीविना पुढे जातो. कारण व्याकरणदृष्ट्या तो कधीच चुकत नाही. तो चुकतो अर्थाने. आणि अर्थाने चुकलेला शब्द शाळेच्या तक्त्यावर एखाद्या गुणाचे नुकसान करत असेल, पण औषधांच्या किंवा अन्नाच्या प्रश्नात तो माणसांचे नुकसान करतो.

बाजारातून उचललेले शब्द

रसायनशास्त्रातला 'कोव्हॅलंट' हा शब्द कोणी घरात वापरत नाही. त्यामुळे त्याचा भलता अर्थ मनात शिरायला वाव नसतो. शब्द कळला तर कळला, नाहीतर नाही. इंग्रजी संख्याशास्त्राने मात्र आपले बरेचसे शब्द रोजच्या बोलण्यातून उचलले: नॉर्मल, एरर, बायस, पॉवर, कॉन्फिडन्स, रिग्रेशन, सिग्निफिकंट. या शब्दांना एक घरचा अर्थ आहे आणि एक कामाचा. लिहिणारा कामाच्या अर्थाने लिहितो आणि वाचणारा घरच्या अर्थाने वाचतो. पुष्कळदा तर लिहिणारा स्वतःच वाक्याच्या सुरुवातीला एका अर्थाने निघतो आणि शेवटी दुसऱ्या अर्थाला पोहोचतो.

काही शब्दांचा घरचा अर्थ काळाने पुसून गेला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप व मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच असली तरी आईबापांइतकी उंच नसतात, ती सरासरीकडे मागे सरतात, असे त्यांना दिसले. या मागे सरण्याला त्यांनी 'रिग्रेशन' म्हटले. आज बिंदूंमधून रेषा काढण्याच्या साऱ्याच पद्धतीला हे नाव आहे आणि तीत कोणी मागे सरत असेलच असे नाही. या शब्दाने फारसे नुकसान होत नाही, कारण त्याचा घरचा अर्थ कोणाला आठवतच नाही.

'सिग्निफिकंट'चे तसे नाही. त्याच्या मुळाशी 'सिग्निफाय' म्हणजे खूण करणे, सूचित करणे हे क्रियापद आहे. एजवर्थ यांनी १८८५ मध्ये संख्याशास्त्रीय लेखनात हा शब्द वापरला तो याच अंगाने: हा फरक कशाची तरी खूण आहे की निव्वळ योगायोग आहे? पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्याला आजचे रूप दिले. ते १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. शेतांतल्या खतांच्या प्रयोगांची वर्षानुवर्षांची आकडेवारी त्यांच्यापुढे होती. म्हणजे आपल्या मेथीच्या वाफ्यांचेच दुखणे, फक्त मोठ्या प्रमाणावर. १९२५ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने 'वीसात एक' ही मर्यादा संशोधकांच्या हाती दिली. खत निरुपयोगी असतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता वीसात एकाहून, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्या फरकाला 'सिग्निफिकंट' म्हणावे. या संभाव्यतेला आज आपण पी-मूल्य म्हणतो. पाच टक्के ही मर्यादा सोयीची म्हणून घेतली होती. १९५६ च्या पुस्तकात तर फिशर यांनीच स्पष्ट केले की कोणताही शास्त्रज्ञ दर वर्षी, दर परिस्थितीत एकच ठराविक मर्यादा लावत बसत नाही. तोवर मात्र सोयीचा नियम होऊन बसला होता.

म्हणजे शब्दाचा मूळ आशय 'इकडे पुन्हा पाहा' एवढाच. 'महत्त्वाचे' हा अर्थ नंतर घरातून येऊन त्याच्या शेजारी बसला.

एक रुपयाचा प्रयोग

हा फरक वर्गात दाखवायला रुपयाचे नाणे पुरते. मुलांना सांगा, नाणे खोटे आहे असा संशय आहे, ते वीस वेळा उडवू. समजा चौदा वेळा छापा पडला. नाणे खरे असताना वीस फेकींत चौदा किंवा अधिक वेळा एकच बाजू पडण्याची (मग ती छापा असो वा काटा) संभाव्यता सुमारे साडेअकरा टक्के येते. पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे 'सिग्निफिकंट नाही'. पंधरा वेळा छापा पडला तर तीच संभाव्यता सुमारे चार टक्के होते. झाला 'सिग्निफिकंट'! एका फेकीने नाण्याचे चारित्र्य बदलले काय? अर्थातच नाही.

आता फेकी वाढवा. चाळीस फेकींत अठ्ठावीस छापे, म्हणजे पुन्हा सत्तर टक्केच. वीसात चौदा हेही सत्तर टक्केच होते. पण चाळीस फेकींच्या प्रयोगात पी-मूल्य दोन टक्क्यांहूनही खाली जाते. नाणे तेच, छाप्यांचे प्रमाण तेच, पण एक प्रयोग 'सिग्निफिकंट' आणि दुसरा नाही. आणखी पुढे जाऊन दहा हजार फेकींत ५,१०० छापे पडले असे समजा. छाप्यांचे प्रमाण अवघे ५१ टक्के, तरी पी-मूल्य पाच टक्क्यांच्या किंचित खाली. हेही 'सिग्निफिकंट'. पण असे नाणे क्रिकेटच्या नाणेफेकीला वापरायला कोणाची हरकत असेल?

यावरून दोन गोष्टी मुलांना नीट कळतात. 'सिग्निफिकंट' हा शब्द फरक किती मोठा ते सांगत नाही. आणि तो केवळ नाण्याबद्दल बोलत नाही. आपण किती फेकी केल्या त्याबद्दलही बोलतो. 'हायली सिग्निफिकंट' म्हणजे 'फार मोठा फरक' असे वाचणारा दोन्ही बाबतींत फसतो. मर्यादा जराशी हुकली की काही लेखक 'निष्कर्ष सिग्निफिकन्सकडे झुकत आहे' अशा अर्थाची वाक्ये लिहितात. जणू निष्कर्ष उंबरठ्यावर उभा आहे आणि आणखी एक पाऊल टाकले की घरात येणार. तो कुठेही चाललेला नसतो. आकडा जेवढा आहे तेवढा आहे.

'नाही' या शब्दाचे दोन अर्थ

सर्वांत घातक चूक मात्र नकारार्थी वाक्यात होते. इथे माझीच गोष्ट सांगते.

पीएच.डी.नंतर लगेच कोकणातल्या खारजमिनीतल्या भातावर मी काही काम केले होते. पेरणीपूर्वी बियांवर एक प्रक्रिया केली तर खारट पाण्यात रोपे जास्त टिकतात का, हे पाहायचे होते. प्रक्रिया केलेल्या कुंड्यांत रोपे अधिक जगली होती. पण कुंड्या सहा-सहाच होत्या आणि कुंडीकुंडीत तफावत भरपूर. पी-मूल्य पाच टक्क्यांच्या वर गेले. निबंधाच्या आत मी लिहिले की प्रक्रियेचा 'सिग्निफिकंट' परिणाम आढळला नाही. इथवर ठीक होते. पुढे सारांश लिहायची वेळ आली. सारांशाला शब्दमर्यादा होती. शब्द कमी करता करता मी एक विशेषण गाळले. छापून आले: 'या प्रक्रियेचा रोपांच्या टिकण्यावर परिणाम होत नाही.'

परीक्षकांच्या ते लक्षात आले नाही, माझ्याही नाही. बऱ्याच वर्षांनी एका परिसंवादात कृषी महाविद्यालयातला एक विद्यार्थी भेटला. त्याने त्या प्रक्रियेवर काम करायचे ठरवले होते, पण माझा सारांश वाचून बेत सोडला होता. "मॅडम, तुम्हीच सिद्ध केलंय ना की उपयोग होत नाही." मी काहीच सिद्ध केले नव्हते. माझा प्रयोग लहान होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले होते. 'मला सापडले नाही' आणि 'तिथे नाही' यांत जे अंतर आहे ते मी एका शब्दाच्या काटकसरीत पुसून टाकले होते. अंधाऱ्या खोलीत काडीच्या उजेडात किल्ली शोधावी आणि न सापडल्यास 'किल्ली घरात नाही' असे सर्वांना सांगावे, तसा हा प्रकार.

ही चूक माझ्यासारख्या नवशिक्यांचीच असती तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. 'नेचर' या नियतकालिकात मार्च २०१९ मध्ये अम्राइन, ग्रीनलँड व मॅकशेन या तिघांचा एक लेख आला आणि आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याला सह्यांनिशी पाठिंबा दिला. पाच नियतकालिकांतल्या ७९१ निबंधांपैकी सुमारे निम्म्यांत 'सिग्निफिकंट नाही' याचा अर्थ 'परिणामच नाही' असा लावला होता, असे त्यांनी दाखवले. त्यांनी दिलेले एक उदाहरण शिक्षकांनी जरूर समजून घ्यावे. काही दाहशामक औषधांमुळे हृदयाची लय बिघडण्याचा एक विकार (एट्रिअल फिब्रिलेशन) वाढतो का, हे दोन अभ्यासांनी तपासले. दोन्हींत धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. आधीच्या अभ्यासात अनिश्चिततेची व्याप्ती ९ टक्के ते ३३ टक्के वाढ अशी होती. नंतरच्या अभ्यासात ती ३ टक्के घट ते ४८ टक्के वाढ अशी होती. नंतरचा अभ्यास कमी अचूक होता, त्याची व्याप्ती शून्याला ओलांडून गेली आणि म्हणून तो 'सिग्निफिकंट नाही' ठरला. त्यावरून संशोधकांनी निष्कर्ष काढला की औषधांचा या विकाराशी संबंध नाही आणि आपला निकाल आधीच्या अभ्यासाच्या विरुद्ध आहे! दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत, दुसरा जरा हळू आवाजात, आणि न्यायाधीश म्हणतो आहे की यांच्या साक्षी जुळत नाहीत.

खऱ्या न्यायालयातही हा शब्द जाऊन आला आहे. नाकात घ्यायच्या एका जस्तयुक्त सर्दीच्या औषधामुळे वास घेण्याची शक्ती गेल्याच्या तक्रारी अमेरिकेतल्या एका कंपनीकडे आल्या होत्या. त्या दडवल्याबद्दल भागधारकांनी दावा लावला, तेव्हा तक्रारी संख्याशास्त्रीयदृष्ट्या 'सिग्निफिकंट' ठरण्याइतक्या नव्हत्या, म्हणून सांगायची गरज नव्हती, असा बचाव कंपनीने केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एकमताने तो फेटाळला. एक ठराविक मर्यादा ओलांडली नाही म्हणून माहिती बिनमहत्त्वाची ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. संशोधकांनी न्यायाधीशांकडून शिकावे असे हे प्रकरण.

उलटे वाचलेले वाक्य

दुसरी एक चूक फार मोहक आहे. पी-मूल्य तीन टक्के आले की पुष्कळजण लिहितात, 'आमचा निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता तीन टक्के.' पी-मूल्य हे सांगतच नाही. ते सांगते, परिणाम मुळीच नसता तर अशी किंवा याहून टोकाची आकडेवारी दिसण्याची शक्यता तीन टक्के. हापूस पिकला की तो पिवळा असतो. पण पिवळा दिसणारा प्रत्येक आंबा हापूस असतो असे समजून पेटी घेणाऱ्याला फळवाल्याने काय दिले असेल, ते सांगायला नको. 'जर-तर'ची दिशा उलटली की अर्थ उलटतो. पिवळा आंबा हापूस असण्याची शक्यता किती, हे बाजारात हापूस मुळात किती आला आहे यावरही अवलंबून असते.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा झाली. भौतिकीत पुराव्याची मर्यादा फार कडक, 'पाच सिग्मा' अशी मानतात. असा कण नसता तर केवळ पार्श्वभूमीच्या चढउतारांतून एवढा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक, असा तिचा अर्थ. काही वृत्तपत्रांनी मात्र छापले की हा शोध चुकीचा असण्याची शक्यता ३५ लाखांत एक. शोध खरा निघाला, म्हणून कोणी फारशी तक्रार केली नाही. पण बरोबर उत्तराने चुकीचे वाक्य बरोबर होत नाही. गणिताच्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

'सरासरी' आणि 'अधिक-उणे'

एकाच शब्दाला धारेवर धरणे अन्यायाचे होईल. इंग्रजी निबंधांत '१५५ अधिक-उणे ८' अशा चिन्हाने आकडे लिहितात. हे ८ कशाचे? समजा एका शाळेतल्या शंभर मुलांची सरासरी उंची १५५ सेंटिमीटर आहे. मुलांमुलांतली तफावत दाखवणारे प्रमाण विचलन ८ सेंटिमीटर असेल, तर सरासरी किती पक्की आहे हे दाखवणारी प्रमाण त्रुटी त्याच्या एक दशांश, म्हणजे ०.८ येते, कारण ८ ला शंभराच्या वर्गमुळाने भागायचे. पहिला आकडा मुलांबद्दल बोलतो, दुसरा आपल्या मोजणीबद्दल. दोन्ही 'अधिक-उणे'पुढे छापले जातात. कोणता ते न सांगता छापले, तर मुले एका साच्यातून काढल्यासारखी दिसू लागतात. लहान आकडा सुंदर दिसतो, हेही त्यामागचे एक कारण.

'सरासरी' हा शब्द तर मराठीतही इतका घरचा आहे की त्याला कोणी तपासतच नाही. पण या शब्दावरून आपल्याकडे मोठा वाद झाला आणि त्यातल्या दोन्ही बाजू पुण्याच्या होत्या. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणशी दररोज २,२५० कॅलरी हा निकष होता. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतली अनेक वर्षांची सेवा संपवून पुण्याला परतले होते. त्यांनी अशा निकषांवर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शरीराची 'सरासरी गरज' म्हणजे 'किमान गरज' नव्हे. माणसागणिक गरज वेगळी असते आणि एकाच माणसाची गरजही दिवसादिवसाला बदलते. सरासरीलाच छेदरेषा मानले, तर पुरेसे खाणाऱ्या निरोगी माणसांपैकीही जवळजवळ निम्मी माणसे भुकेली गणली जातील. म्हणून रेषा सरासरीखाली दोन प्रमाण विचलनांवर काढावी.

यावर दांडेकरांसह अनेकांनी प्रत्याक्षेप घेतला. रेषा इतकी खाली नेली की खरोखर अर्धपोटी असलेली माणसे मोजणीतून निसटतात, असे त्यांचे म्हणणे होते. कोण किती बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. सांगायचे ते एवढेच, की 'रिक्वायरमेंट' या शब्दाआधी 'अ‍ॅव्हरेज' लिहायचे की 'मिनिमम', एवढ्यावरून देशातल्या कोट्यवधी माणसांना भुकेले म्हणायचे की नाही हे ठरत होते. तिथे विशेषण गाळून चालणार नव्हते. आणि विद्वानांनी ते गाळू दिले नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

शब्दावर बंदी घालून काय होईल?

आता उपायाकडे वळू. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्याच्या वापराबद्दल सहा तत्त्वांचे निवेदन काढले. ते संयमी आणि चांगले आहे. पी-मूल्य गृहीतक खरे असण्याची शक्यता सांगत नाही आणि परिणामाचा आकारही सांगत नाही, हे त्यात स्वच्छ म्हटले आहे. २०१९ मध्ये त्या संस्थेच्या नियतकालिकाने एक विशेषांक काढला. त्याच्या संपादकीयाने पुढची उडी घेतली: 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' हा शब्दप्रयोगच थांबवा.

ही सूचना मला पटत नाही. रोगाचे निदान बरोबर आहे, औषध अपुरे आहे. चूक शब्दात असती तर शब्द काढून ती गेली असती. चूक आहे ती 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असण्याच्या सवयीत. सवय तशीच ठेवून शब्द काढला, तर त्या जागी दुसरा शब्द येईल: 'लक्षणीय', 'ठळक', 'स्पष्ट'. याचा पुरावाही आहे. सामाजिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने २०१५ मध्ये पी-मूल्यांवर सरसकट बंदी घातली. नंतर त्यातले निबंध तपासणाऱ्यांना असे आढळले की अनेक लेखक आकडेवारीला झेपेल त्याहून मोठे दावे करू लागले होते. कुंपण वाईट होते हे खरे, पण ते काढल्यावर गुरे अधिकच मोकळी सुटली. २०२१ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने, योग्य तऱ्हेने वापरलेली पी-मूल्ये व सिग्निफिकन्स चाचण्या संशोधनाची काटेकोरता वाढवतात, असे सांगून तोल सावरला.

माझे म्हणणे असे: शब्द ठेवा, पण त्याला एकटा सोडू नका. फरक किती, अनिश्चितता किती आणि मोजले किती, या तीन गोष्टी वाक्यात असतील तर 'सिग्निफिकंट' हा शब्द असला काय, नसला काय, वाचक फसत नाही. त्या तीन गोष्टी नसतील तर कितीही निर्दोष इंग्रजी वाचकाला वाचवू शकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी शास्त्रीय इंग्रजी हे जुन्या निबंधांतली वाक्ये उचलून, त्यांत आपले आकडे घालून शिकलेले आहे. मीही तशीच शिकले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण उचललेल्या वाक्याबरोबर त्यातली चूकही उचलली जाते.

यावर साधी तपासणी आहे. इंग्रजी वाक्य लिहून झाले की ते आपल्या मराठीत, शब्दकोश न उघडता, आईला सांगितल्यासारखे सांगून पाहावे. 'फरक सिग्निफिकंट होता' हे आईला सांगताच येत नाही, ती लगेच विचारते, "म्हणजे किती?" तिथे अडलो की समजावे, आपल्या वाक्यातच काही कमी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा फायदा आहे. दोन भाषांच्या मधल्या फटीत अर्थ अडकतो आणि अडकला की दिसतो.

पुन्हा मेथीचे वाफे

त्या मुलींना मग आम्ही तिथेच नवे वाक्य लिहायला बसवले. "दोन वाफ्यांतल्या सरासरी उंचीत फरक किती?" त्यांनी वहीतून आकडा काढला. "रोपे किती मोजलीत?" प्रत्येकी चाळीस. "आणि वाफे किती?"

"दोन."

इथे धाकटी थबकली. म्हणाली, "मॅडम, पण खताचा वाफा भिंतीपासून लांब होता. दुसऱ्यावर दुपारी सावली यायची."

एका वाफ्यातली चाळीस रोपे म्हणजे चाळीस प्रयोग नव्हेत. ती एकाच उन्हात, एकाच मातीत वाढलेली असतात. त्यांना स्वतंत्र मोजमापे समजणे ही चूक पर्यावरणशास्त्रात इतकी पसरली होती की स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये तिला एक स्वतंत्र नावच दिले: 'स्यूडोरेप्लिकेशन', म्हणजे पुनरावृत्तीचा आभास. त्या मुलीला हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. तिला सावली माहीत होती.

शेवटी तक्त्याखाली मराठीत लिहिले गेले: 'खताच्या वाफ्यातली रोपे सरासरीने इतकी उंच होती. वाफा एकेकच असल्याने हा फरक खतामुळे की उन्हामुळे हे सांगता येत नाही. पुढच्या वर्षी सहा-सहा छोटे वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवू.' सरांनी त्याचे इंग्रजी स्वतः केले आणि त्यात 'सिग्निफिकंट' हा शब्द कुठेच लागला नाही.

त्यांना बक्षीस मिळाले नाही. शेजारच्या तक्त्यावरचा फरक 'हायली सिग्निफिकंट' होता, तो पहिला आला. आम्हा तिघा परीक्षकांत माझे मत एकटे पडले. पण पुढच्या वर्षी त्याच शाळेचा तक्ता पुन्हा आला होता. त्यावर बारा वाफ्यांचा नकाशा होता आणि कोणत्या वाफ्यावर किती वाजता सावली येते, हेही पेन्सिलीने नोंदले होते.